निःशुल्क बसपास आणि चाकांवरचे घर : इंग्लंडमधील ज्येष्ठांच्या प्रवास सवलतीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

कल्याणकारी राज्याच्या संकल्पनेत ज्येष्ठ नागरिकांच्या प्रवास सवलतीस महत्त्वाचे स्थान आहे. महाराष्ट्रातील वाचकास ही सवलत एस.टी.मुळे परिचित आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या नागरिकांना एस.टी.चा प्रवास निःशुल्क झाला आणि ६५ ते ७५ या वयोगटासाठी निम्म्या भाड्याची सवलत चालू राहिली. इंग्लंडमध्ये निःशुल्क बसप्रवासाचा हक्क १ एप्रिल २००८ रोजी देशव्यापी झाला. या सवलतीचा विचार बहुधा एकाकी, अल्प उत्पन्नाच्या, मोटार नसलेल्या वृद्धांच्या संदर्भात केला जातो आणि ते योग्यही आहे. प्रस्तुत लेखात मात्र हेतुपुरस्सर एक निराळा प्रवासी निवडला आहे. निवृत्तीनंतर मोटारहोम, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली गाडी घेऊन देशभर हिंडणारा हा ज्येष्ठ नागरिक होय.

ज्याच्यापाशी लाखो रुपये किमतीचे वाहन आहे, त्याला फुकट बसपास कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. प्रस्तुत लेखकाच्याही मनात तो प्रथम आला होता. परंतु एम.फिल.च्या निमित्ताने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना असे लक्षात आले की, या प्रवाशाकडे पाहिल्यावर सवलतीची संपूर्ण यंत्रणा जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती अन्य कोणाकडे पाहून दिसत नाही. कारण तो आपला पास घरापासून शेकडो मैल दूर वापरतो, आणि मग त्याचे भाडे नेमके कोण भरते, हा प्रश्न टाळता येत नाही.

पासची वाटचाल :

इंग्लंड व वेल्समध्ये २००० च्या परिवहन कायद्याने ज्येष्ठांना किमान निम्म्या भाड्याची सवलत देणे बंधनकारक केले. वेल्सने एप्रिल २००२ पासून आपल्या ज्येष्ठांचा बसप्रवास निःशुल्क केला. इंग्लंडने एप्रिल २००६ मध्ये तसेच केले. परंतु हा हक्क आपापल्या स्थानिक परिषदेच्या हद्दीपुरता होता. हद्द ओलांडली की तिकीट काढावे लागे. २००७ च्या सवलतीच्या बसप्रवासविषयक कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि एका गावच्या परिषदेने दिलेला, निळ्या पट्टीचा पास इंग्लंडमधील कोणत्याही स्थानिक बसमध्ये ग्राह्य झाला. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊ ते रात्री अकरा आणि शनिवार, रविवार व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस, अशी त्याची वेळ आहे. साडेनऊच्या आधीच थांब्यावर येऊन ‘फार लवकर आलो का?’ असे विचारणाऱ्या आजी-आजोबांना तेथील चालकांनी ‘ट्विर्ली’ असे नाव ठेवले. ‘टू अर्ली’ या शब्दांचा तो विनोदी अपभ्रंश होय.

पात्रतेचे वय आरंभी ६० होते. एप्रिल २०१० पासून ते स्त्रियांच्या निवृत्तिवेतनाच्या वयाशी जोडले गेले व हळूहळू वाढत ऑक्टोबर २०२० मध्ये ६६ झाले. २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने ६७ व्हावे, अशी कायद्यात तरतूद आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाससाठी निवृत्तिवेतनाचे वय गाठणे पुरेसे असते. ते वेतन प्रत्यक्ष मिळत असलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे मुलांकडे कायमचे राहावयास गेलेले मराठी आईवडीलही, त्यांचे मुख्य वास्तव्य तेथे असल्यास, या हक्काचे धनी ठरतात. काही महिन्यांच्या भेटीस गेलेले मात्र ठरत नाहीत.

मोटारहोमवाल्यास बस का लागते? :

इंग्लंडमधील चाकांवरच्या घराची परंपरा जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये केवळ हौसेच्या भटकंतीसाठी ‘द वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधवून घेतली, आणि १९०७ मध्ये तर अशा हौशी लोकांचा क्लबच स्थापन झाला. आजचे मोटारहोम सहा-सात मीटर लांब व तीन मीटरच्या आसपास उंच असते. असे वाहन महामार्गावर सुखाने धावते; परंतु जुन्या बंदरगावांच्या अरुंद गल्ल्यांत ते शिरत नाही. अनेक वाहनतळांच्या तोंडाशी सुमारे दोन मीटर उंचीचे आडवे दांडे लावलेले असतात. लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट घाटात चढ तीनास एक इतका तीव्र आहे. तेथे असे वाहन नेणे धाडसाचेच ठरावे.

याहून मोठी अडचण घरगुती स्वरूपाची आहे. मोटारहोम तळावर एकदा लावले की ते घर होते. विजेची तार जोडलेली असते, मांडव ताणलेला असतो, भांडी बाहेर आलेली असतात. दूध आणावयास जाण्यासाठी हे घर हलवावयाचे म्हणजे सर्व आवरावे लागते, गॅस बंद करावा लागतो, कपाटांना खिट्ट्या लावाव्या लागतात. बैलगाडीतून यात्रेस जाणाऱ्या आपल्या जुन्या पिढीस ही अडचण समजावून सांगण्याची गरज पडली नसती. तळापासून चालत जाता येईल अशा अंतरावर बसथांबा असेल तर हा सारा व्याप वाचतो. लँकेस्टरहून केंडल, विंडरमिअर, ग्रासमिअर असे करीत केझिकपर्यंत जाणारी ५५५ क्रमांकाची बस, किंवा लीड्सहून मूरच्या माळरानावरून व्हिटबीच्या समुद्रकिनाऱ्यास जाणारी ८४० क्रमांकाची बस, या केवळ वाहतुकीच्या सोयी नसून स्वतःच प्रेक्षणीय प्रवास आहेत.

वयाचाही संबंध येतो. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर वाहन परवाना दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो. १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतचे वाहन चालविता येते. पण सत्तरीनंतर साडेतीन टनांवरील हा अधिकार टिकविण्यासाठी वैद्यकीय तपासणीचा अहवाल द्यावा लागतो. अनेक मोठी मोटारहोम याच वजनगटात मोडतात. म्हणजे ज्या वयात पास हाती येतो, त्याच वयात वाहन हातचे जाण्याची भीती सुरू होते. बसची सवय लागलेल्या माणसास हे संक्रमण कमी जड जात असावे, असे वाटते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निःशुल्क पास असलेले ज्येष्ठ अधिक चालतात, असा संबंध दाखविला होता. थांब्यापर्यंतचे चालणे हे त्याचे साधे कारण आहे.

भाडे कोण भरते? :

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पास निःशुल्क आहे, प्रवास नाही. इंग्लंडमध्ये लंडनबाहेरील बससेवा ऑक्टोबर १९८६ पासून मुख्यतः खाजगी कंपन्यांच्या हाती आहे. पासधारकास बसमध्ये घेणे त्यांना बंधनकारक असते व त्याची प्रतिपूर्ती स्थानिक परिषद करते. कंपनीचा फायदा होऊ नये व तोटाही होऊ नये, हे या प्रतिपूर्तीचे तत्त्व आहे.

तत्त्व सोपे आहे, गणित नव्हे. उदाहरणादाखल असे समजू की, एखाद्या मार्गावर दिवसभरात शंभर पासधारक चढले. (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.) पास नसता तर त्यांतील पन्नास जण तिकीट काढून गेले असते व पन्नास घरीच राहिले असते. मग कंपनीचे बुडालेले भाडे पन्नास जणांचे. उरलेल्या पन्नासांसाठी जो किरकोळ अतिरिक्त खर्च आला असेल, तेवढाच मिळावयाचा. पासमुळे निर्माण झालेला हा जादा प्रवास किती, याचा अंदाज सूत्राने बांधला जातो.

येथेच आपला मोटारहोमवाला या गणितात बसत नाही. घरी राहणे हा पर्याय त्याला नसतो. तो सुट्टीवर आलेला आहे, गाडी गावात नेता येत नाही, आणि गाव पाहावयाचे तर आहेच. पास नसता तरी त्याने बहुधा तिकीट काढलेच असते. म्हणजे पर्यटनाच्या मार्गावर कंपनीचे खरोखर बुडणारे भाडे सूत्राच्या सरासरीपेक्षा अधिक असण्याचा संभव आहे. हा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे; परंतु भर उन्हाळ्यात पासधारकांनी भरलेली बस किनाऱ्यावरून जात असताना तिच्या मालकास चिंता का वाटते, हे त्यावरून समजते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पास देते एक परिषद, आणि प्रतिपूर्ती करते दुसरी. कायद्याने ही जबाबदारी प्रवासी ज्या हद्दीत बसमध्ये चढतो, तेथील परिषदेवर टाकली आहे. बर्मिंगहॅमचा निवृत्त गृहस्थ कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पंधरा दिवस मुक्काम करून रोज बसने हिंडला, तर त्याचे देयक कॉर्नवॉलला जाते. पाहुणा एकाचा आणि पाहुणचार दुसऱ्याच्या पदरी! २००८ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा अनेक भागांत हा भार डिस्ट्रिक्ट कौन्सिल या लहान संस्थांवर होता. समुद्रकाठच्या छोट्या परिषदांना आपल्या लोकसंख्येशी कोणतेही प्रमाण नसलेली देयके येऊ लागली. केंद्र सरकारने २००८-०९ या वर्षासाठी २१ कोटी २० लाख पौंडांचे विशेष अनुदान दिले होते, आणि त्याच्या वाटपात पात्र लोकसंख्या व बसच्या वापराबरोबरच रात्रीच्या मुक्कामी येणारे पाहुणे व दुकानांचे क्षेत्रफळ यांचाही विचार केला होता. तरीही कोणास अधिक मिळाले व कोणास कमी, ही तक्रार थांबली नाही. अखेर एप्रिल २०११ पासून ही जबाबदारी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडून काउंटी कौन्सिल या मोठ्या संस्थांकडे गेली. त्यामुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरला, पण चढण्याच्या जागेचा नियम तसाच राहिला.

सर्वच बसगाड्या पासखाली येत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्यांतील बहुतांश आसने आगाऊ राखून ठेवता येतात, किंवा ज्या मुख्यतः पर्यटनासाठी अथवा जुन्या वाहनाच्या ऐतिहासिक आकर्षणासाठी चालविल्या जातात, त्या वगळल्या आहेत. बाथ किंवा यॉर्कमधील शहरदर्शनाच्या बसमध्ये पास दाखवून उपयोग नाही. सहल घडविणारी बस वगळली; सहलीस आलेला प्रवासी मात्र वगळलेला नाही. ही रेषा सेवेवर ओढली आहे, प्रवाशाच्या हेतूवर नाही, आणि ते उचितच आहे. वाहकाने प्रत्येक आजोबांना ‘कशासाठी चाललात?’ असे विचारणे कोणास रुचेल?

हद्दी आणि पत्ता :

इंग्लंडचा पास इंग्लंडपुरताच चालतो. सीमेवरील काही सेवांचा अपवाद सोडल्यास वेल्स वा स्कॉटलंडमध्ये शिरताच तो निरुपयोगी होतो. स्कॉटलंडने एप्रिल २००६ पासून आपल्या साठीपुढील रहिवाशांस दिवसाच्या कोणत्याही वेळी, दूर पल्ल्याच्या बससह, निःशुल्क प्रवास दिला. ग्लासगोचे आजोबा सात तासांहून अधिक प्रवास करून स्काय बेटाच्या टोकापर्यंत फुकट जाऊ शकतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या, त्यांच्याच वयाच्या इंग्लिश पाहुण्यास पूर्ण तिकीट पडते. महाराष्ट्रातील वाचकास याचे नवल वाटू नये. आपल्याकडील अमृत ज्येष्ठ योजनेचा लाभही राज्याच्या हद्दीपर्यंतच असतो. मात्र आपल्याकडे सवलतीची रक्कम महामंडळास राज्य शासनाकडून मिळावयाची असल्याने सांगलीचा प्रवासी रत्नागिरीत बसमध्ये चढला म्हणून रत्नागिरी नगरपरिषदेस भुर्दंड बसत नाही. थकबाकीचा प्रश्न निराळा.

ज्यांनी घर विकून मोटारहोममध्येच कायमचे राहण्याचे ठरविले आहे, त्यांची स्थिती सर्वांत बिकट आहे. पास मिळण्यासाठी एखाद्या परिषदेच्या हद्दीत मुख्य वास्तव्य असावे लागते. वर्षभर फिरणाऱ्याचे मुख्य वास्तव्य कोणते? वयाने व नागरिकत्वाने पूर्ण पात्र असूनही केवळ पत्ता दाखविता येत नाही म्हणून हा मनुष्य बाहेर राहू शकतो. भटक्या-विमुक्तांच्या दाखल्यांचा प्रश्न ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. फरक इतकाच की येथे भटकंती स्वेच्छेची आहे.

पास आहे, बस कोठे आहे? :

परिषदांपुढे पेच असा की, पासची प्रतिपूर्ती कायद्याने बंधनकारक आहे. तोट्यातील ग्रामीण मार्गास आर्थिक साहाय्य देणे तसे बंधनकारक नाही. पैसा अपुरा पडला की कात्री मार्गांना लागते. २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात अनेक काउंटींत हेच घडले. पासधारकांची संख्या टिकली आणि त्यांच्या गावची संध्याकाळची बस गेली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वांसाठीच एकेरी भाड्यावर दोन पौंडांची व जानेवारी २०२५ पासून तीन पौंडांची कमाल मर्यादा आली. त्यामुळे मोटारहोमवाल्या दांपत्यास पासमुळे वाचणारी रक्कम दूरच्या मार्गांवर पूर्वीपेक्षा घटली आहे. त्यांना खरी चिंता भाड्याची नसते. ऑगस्टमध्ये तासाला एक धावणारी किनाऱ्यावरची बस हंगाम संपताच दिवसातून तीन-चारदा येऊ लागते किंवा रविवारी येतच नाही, आणि मग तळावरचे घर आवरून, तार काढून, पुढचा मुक्काम वेळापत्रक पाहून ठरवावा लागतो. त्या गावातील कायमच्या रहिवाशास ही सोय नसते. त्याचे घर चाकांवर नाही.