क्रॉसबोची रिती सुटका आणि हमीपत्राचा प्रश्न

धनुष्य हे ऊर्जा साठविण्याचे आणि साठविलेली ऊर्जा निमिषार्धात दुसऱ्या वस्तूच्या स्वाधीन करण्याचे साधन आहे. ही दुसरी वस्तू म्हणजे बाण. बाण लक्ष्यापर्यंत जातो म्हणून त्याला महत्त्व आहे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु धनुष्याच्या दृष्टीने पाहता त्याचे आणखी एक कार्य आहे. तो ऊर्जा घेऊन निघून जातो आणि त्यामुळे धनुष्य वाचते. बाण नसताना पूर्ण ताणलेली दोरी सुटली, तर ऊर्जा न्यावयास कोणी उरत नाही. या घटनेस धनुर्विद्येत ‘ड्राय फायर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘रिती सुटका’ म्हटले आहे. महाकाव्यांतील योद्ध्यांचा धनुष्याचा टणत्कार हा दोरी छेडण्याचा प्रकार होय; त्याची आणि रित्या सुटकेची गल्लत करू नये.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात क्रॉसबो हे शिकारीचे व नेमबाजीचे साधन म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. तेथे रिती सुटका हा केवळ यामिकीचा विषय राहिलेला नाही. तो ग्राहक आणि उत्पादक यांच्यातील वादाचाही विषय आहे. मोडलेला क्रॉसबो हमीपत्रासह कारखान्याकडे जातो आणि बहुधा ‘रित्या सुटकेने झालेले नुकसान हमीत येत नाही’ असे उत्तर घेऊन परत येतो. हे उत्तर कितपत न्याय्य आहे, हे ठरविण्यासाठी प्रथम धनुष्याच्या अंगी काय घडते ते पाहिले पाहिजे.

१. ऊर्जेचा हिशेब

धनुष्याच्या गतिशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत अमेरिकेत झाला. क्लॅरेन्स हिकमन, फॉरेस्ट नॅगलर आणि पॉल क्लॉपस्टेग या तिघांचे लेख १९४७ साली ‘आर्चरी : द टेक्निकल साइड’ या ग्रंथात एकत्र प्रसिद्ध झाले. क्लॉपस्टेग यांनी मांडलेली ‘आभासी वस्तुमाना’ची कल्पना येथे विशेष उपयोगी आहे. दोरी सुटते तेव्हा केवळ बाणच हलत नाही; दोरी आणि धनुष्याचे दोन्ही बाहूही हलतात. या हलणाऱ्या भागांत अडकलेली ऊर्जा बाणाच्या वेगाने धावणाऱ्या एखाद्या लहानशा वस्तुमानाच्या रूपाने मोजता येते. तेच आभासी वस्तुमान. एकाच धनुष्याकरिता ते बाणाच्या वजनानुसार फारसे बदलत नाही, असे प्रयोगांत दिसून आले.

उदाहरणादाखल असा क्रॉसबो कल्पावा की ज्यात १८० ज्यूल ऊर्जा साठते आणि जो २६ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४०० ग्रेन, वजनाचा बाण सेकंदाला १०५ मीटर वेगाने फेकतो. अशा बाणाची गतिज ऊर्जा सुमारे १४३ ज्यूल होते. म्हणजे कार्यक्षमता जवळजवळ ८० टक्के. उरलेले ३७ ज्यूल दोरी, बाहू आणि चौकट यांना पचवावे लागतात. धनुष्याची घडण या मर्यादेच्या हिशेबाने केलेली असते. यावरून आभासी वस्तुमान ६.७ ग्रॅमच्या आसपास निघते.

आता बाण काढून घ्यावा. संपूर्ण १८० ज्यूल ऊर्जा त्या ६.७ ग्रॅमच्याच वाट्यास येते. सूत्राप्रमाणे दोरीचा वेग सेकंदाला २३० मीटरच्या वर निघतो, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून अधिक. दोरीची लवचीकता, घर्षण आणि बाहूंचे कंपन यांमुळे प्रत्यक्षात वेग इतका वाढत नाही. परंतु ऊर्जेचा हिशेब त्यामुळे बदलत नाही. नेहमी ३७ ज्यूल पचविणाऱ्या अवयवांवर एका क्षणात १८० ज्यूल येऊन आदळतात. भार जवळजवळ पाचपट होतो.

अती हलका बाण वापरणे ही अपुरी रिती सुटकाच होय, हेही याच हिशेबाने कळते. वरील धनुष्यातून २६ ऐवजी १३ ग्रॅमचा बाण सोडला, तर धनुष्याच्या अंगावर ३७ ऐवजी सुमारे ६१ ज्यूल उरतात. उत्पादक बाणाचे किमान वजन सांगतात ते याच कारणाने. वेगाच्या हव्यासाने ती मर्यादा ओलांडणारा नेमबाज प्रत्येक बाणागणिक धनुष्याचे आयुष्य कमी करीत असतो.

२. कार्यक्षमतेची किंमत

या विवेचनातून एक सामान्य नियम निघतो. रित्या सुटकेचा घाव नेहमीच्या घावाच्या किती पट असेल, हे धनुष्याच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते. ज्या धनुष्याची कार्यक्षमता ३० टक्के आहे, ते प्रत्येक वेळी ७० टक्के ऊर्जा स्वतःच सोसत असते. रित्या सुटकेने त्याचा भार दीडपटही होत नाही. ८० टक्के कार्यक्षमतेच्या धनुष्यात तो पाचपट होतो, आणि ९० टक्क्यांना दहापट.

राल्फ पेन-गॉलवे यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द क्रॉसबो’ या ग्रंथात मध्ययुगीन युरोपातील पोलादी धनुष्यांचे वर्णन आहे. त्यांतील मोठ्या धनुष्यांचा ताण १२०० पौंडांपर्यंत जाई आणि ती ओढण्यास हातरहाट लागे. पोलादी बाहू जड असल्याने साठविलेल्या ऊर्जेचा मोठा भाग बाहूंनाच हलविण्यात खर्ची पडे. आजच्या क्रॉसबोचा ताण याच्या मानाने पुष्कळच कमी, बहुधा १५० ते २०० पौंडांच्या आसपास असतो. तथापि काचतंतूंचे हलके बाहू, कृत्रिम धाग्यांची न ताणणारी दोरी आणि होलेस विल्बर अॅलन यांच्या १९६९ च्या एकस्वाने प्रचारात आलेली उत्केंद्री चाके, म्हणजे कॅम, यांमुळे त्याची कार्यक्षमता कितीतरी वाढली आहे. ज्या गुणामुळे हे साधन श्रेष्ठ ठरले, त्याच गुणामुळे ते बाणावाचून असहाय झाले आहे.

३. रिती सुटका कशी घडते

रिती सुटका म्हणजे वापरणाराचा विसराळूपणा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बाण न लावता चाप ओढणे हा एक प्रकार झाला. बाण लावला, परंतु तो दोरीला टेकेपर्यंत मागे सरकविला नाही, तर दोरी काही अंतर मोकळी धावते आणि मग बाणाच्या बुडावर आदळते. कधी ती बाणाच्या वरून किंवा खालून निसटते. बाणाचे बूड त्या क्रॉसबोला अयोग्य आकाराचे असेल किंवा आघाताने फुटले, तरी परिणाम तोच. या प्रकारांत दोष वापरणाराचा अथवा बाणाचा असतो.

परंतु दोरी धरून ठेवणारी खिटी झिजलेली वा सदोष असेल, तर चापाला बोट न लागताही दोरी सुटू शकते. दोरी ओढताना खिटी अर्धवटच बसली, तरीही तसेच घडते. आणि ती अर्धवट का बसली, हा प्रश्न वापरणारा आणि रचना या दोहोंकडे बोट दाखवितो.

यावर उपाय म्हणून आधुनिक क्रॉसबोत एक प्रतिबंधक योजना असते. पन्हळीत बाण पूर्ण मागे सरकला की तो एक लहान तरफ उचलतो आणि मगच चाप मोकळा होतो. काही रचनांत दोरी बाणावाचून सुटलीच, तर थोड्या अंतरावर दुसरी आकडी तिला पकडते. ऊर्जेचा बहुतेक भाग साठलेलाच राहतो आणि धनुष्य वाचते. मात्र हलका बाण, फुटके बूड किंवा तरफ उचलूनही दोरीला नीट न टेकलेला बाण यांपुढे ही योजना निरुपाय ठरते.

४. खुणांची संदिग्धता

रित्या सुटकेनंतर आढळणारी चिन्हे परिचित आहेत : बाहूंना चिरा, काचतंतूंचे सुटलेले थर, कॅमचा वाकलेला आस, कॅमवरून उतरलेली दोरी, तुटलेले धागे. पुष्कळदा चीर डोळ्यांना दिसतही नाही. बाहूवरून कापसाचा बोळा फिरविला असता उचकटलेल्या तंतूंत कापूस अडकतो. ही साधी परीक्षा नेमबाजांत प्रचलित आहे. असा बाहू पुढच्या खेपेस फुटला, तर त्याच्या कपच्या वापरणाराच्या तोंडावर येतात. म्हणून दुरुस्तीचा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

परंतु या खुणा घटनेचे कारण सांगत नाहीत. समजा, घडणीतील दोषामुळे एक बाहू आधी फुटला. धनुष्याचा तोल गेल्यामुळे दोरी कॅमवरून उतरली, बाणापासून ढळली आणि उरलेली ऊर्जा चौकटीवर आदळली. कारखान्यात तपासणी होते तेव्हा फुटलेला बाहू, उतरलेली दोरी आणि वाकलेला आस हेच दिसणार. चीर आधी आणि सुटका नंतर, की सुटका आधी आणि चीर नंतर, हा क्रम मोडलेल्या वस्तूवरून सहसा वाचता येत नाही. एकाच चित्राला दोन इतिहास असू शकतात, आणि ग्राहकाची हमी त्यांपैकी कोणता खरा मानला जातो यावर अवलंबून असते.

५. हमीपत्र आणि कायदा

हमीविषयी अर्थशास्त्रात दोन विचार महत्त्वाचे आहेत. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात, मालाच्या गुणाविषयी विक्रेत्यास जे कळते ते ग्राहकास कळत नाही, आणि हमी ही त्या अनिश्चिततेवरील एक उतारा आहे, असे दाखविले. जॉर्ज प्रीस्ट यांनी १९८१ साली निराळी उपपत्ती मांडली : नुकसान जो अल्प खर्चात टाळू शकतो, त्याच्यावर त्याचा भार टाकावा, आणि हमीपत्रातील अपवाद याच तत्त्वाने समजून घ्यावेत. या दृष्टीने रित्या सुटकेचा अपवाद समर्थनीय वाटतो. बाण नीट बसविणे वापरणाराच्या हाती आहे, कारखान्याच्या नव्हे.

तथापि याच उपपत्तीने त्या अपवादाची मर्यादाही स्पष्ट होते. खिटीचा दोष कारखानाच टाळू शकतो. म्हणून खिटीच्या दोषाने घडलेली रिती सुटका आणि विस्मरणाने घडलेली रिती सुटका यांना एकच नियम लावणे तत्त्वास सोडून आहे. हमीपत्रातील शब्द मात्र बहुधा घटनेचे नाव घेतात, कारणाचे नाही. सर्व वादाचे मूळ येथे आहे.

अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्याने १० डॉलरहून अधिक किमतीच्या ग्राहकोपयोगी वस्तूवरील लेखी हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक केले. पूर्ण हमीत दोषाची दुरुस्ती वाजवी मुदतीत आणि विनामूल्य झाली पाहिजे. वाजवी संख्येने प्रयत्न करूनही दोष न गेल्यास ग्राहकास पैसे परत घेण्याचा किंवा वस्तू बदलून घेण्याचा पर्याय मिळतो. अधिक महत्त्वाचे हे की, नुकसान ग्राहकाच्या ताब्यात असताना झालेल्या हानीमुळे किंवा अवाजवी वापरामुळे झाले, हे दाखविण्याचा भार हमी देणारावर असतो. मर्यादित हमीला हे नियम लागू नाहीत, आणि क्रॉसबोवर सामान्यतः मर्यादित हमीच दिली जाते. ‘आजीवन’ हा शब्द ठळक अक्षरांत असला, तरी ती हमी बहुधा मूळ खरेदीदारापुरती आणि ठराविक भागांपुरती असते. दोरी आणि तारा झिजणाऱ्या वस्तू म्हणून वगळलेल्या असतात. लेखी हमी देणारास विक्रेयतेची गर्भित हमी सर्वस्वी नाकारता येत नाही, ही तरतूद मर्यादित हमीच्या ग्राहकासही उपयोगी पडते. परंतु तिचा आधार घेण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि एका धनुष्यासाठी ते क्वचितच परवडते.

६. दुरुस्तीची वाट

दुरुस्तीची रीतही ग्राहकास प्रतिकूल आहे. ताणलेले बाहू उतरविण्यास विशिष्ट दाबयंत्र लागते. म्हणून क्रॉसबो विक्रेत्याकडे आणि तेथून पुष्कळदा कारखान्याकडे धाडावा लागतो. शिकारीचा हंगाम शरदात येतो आणि दुरुस्तीची गर्दीही तेव्हाच होते. बाहू जोडीने जुळविलेले असतात. एकच बदलला तर दोहोंचा ताण सारखा राहत नाही आणि नेम ढळतो. वरवर निर्दोष दिसणाऱ्या दुसऱ्या बाहूत दडलेली चीर राहिली, तर दुरुस्त होऊन आलेले धनुष्य थोड्याच दिवसांत पुन्हा मोडते आणि पत्रव्यवहारास नव्याने आरंभ होतो. दुसऱ्या खेपेस रित्या सुटकेचा संशय अधिकच बळावतो, कारण ‘या ग्राहकाचे पूर्वीही असेच झाले होते’ अशी नोंद कागदावर आलेली असते.

या परिस्थितीत पुराव्याचे जतन हाच ग्राहकाचा मुख्य आधार होय. मोडलेले धनुष्य न उलगडता ठेवणे, वापरलेला बाण त्याच्या बुडासह जपणे, त्याचे वजन नोंदविणे आणि घटनेची छायाचित्रे तत्काळ घेणे, यांचे मोल नंतरच्या कोणत्याही युक्तिवादाहून अधिक आहे. मोठ्या वेगाने गेलेला बाण लक्ष्यात रुतलेला असेल, तर ऊर्जा बाणाने नेली होती आणि मोडतोड रित्या सुटकेने झाली नाही, असे म्हणण्यास सबळ आधार मिळतो.

प्रतिबंधक योजनेमुळे तर अनुमानाची दिशाच बदलावयास हवी. बाणावाचून सुटलेली दोरी अडविण्यासाठी जी आकडी बसविली आहे, ती असूनही बाण नसताना दोरी पूर्ण सुटली असेल, तर पहिला प्रश्न आकडीला विचारला पाहिजे, वापरणाराला नंतर. ‘ही योजना सावधगिरीस पर्याय नाही’ ही उत्पादकांची सूचना रास्त आहे. परंतु सावधगिरीची सूचना दिल्याने योजनेच्या दोषाची जबाबदारी संपत नाही. हमीपत्रात ‘रिती सुटका’ या दोन शब्दांऐवजी ‘वापरणाराच्या चुकीने घडलेली रिती सुटका’ असे लिहिले गेले, तर वाद संपणार नाहीत. मात्र ते योग्य प्रश्नावर होतील.