जिल्हा परिषदेचे सभासद आणि आमदार : गाऱ्हाणें कसें मांडावें

गांवचा बंधारा फुटला, कीं आपण जिल्हा परिषदेच्या सभासदांकडे धांव घेतों. सभासद आमदारांस भेटतात, आमदार 'पाहूं' म्हणतात, आणि तें पाहणें पुढें कोठें राहिलें हें कोणासच कळत नाहीं.

आम्ही महसूलखात्यांत कारकुनी करीत असतां अशाच एका बंधाऱ्याचा अर्ज आमच्या टेबलावर आला होता. त्यावर सभासदांची शिफारस होती व आमदारांची सहीहि होती. परंतु बंधारा कोणत्या गटांत, त्याखालीं क्षेत्र किती, तो कोणत्या खात्याकडे, याचा उल्लेख नव्हता. आम्हींहि तो तसाच पुढें पाठविला. तीन कचेऱ्या फिरून कागद परत आला, तोंवर त्या शिवाराचे दोन रब्बी हंगाम कोरडे गेले. तेव्हांच दोन प्रश्न विचारले असते तर बरें झालें असतें, असें आज वाटतें.

म्हणून प्रथम अधिकार कोणाचा तें पाहावें. १९६१ च्या अधिनियमान्वयें १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. १०० हेक्टरांपर्यंतचीं लघु सिंचनाचीं कामें परिषदेकडे, त्यावरील राज्य सरकारकडे असतात. रस्त्यांतहि ग्रामीण व इतर जिल्हा मार्ग सामान्यतः परिषदेचे, आणि राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. जें परिषदेच्या हातीं आहे त्याचा ठराव परिषदेंतच करून घ्यावा. आमदारांकडे जें मुंबईसच मिळणारें आहे तें मागावें : निधि, शासनाची मंजुरी, अथवा नियमांतील दुरुस्ती.

मागणी एका पानांत असावी. गांव, गट नंबर, लाभक्षेत्र, खर्चाचा अंदाज, ठरावाचा क्रमांक व तारीख इतकें त्यांत यावें. एका पत्रांत दहा मागण्या घातल्यास एकीचाहि पाठपुरावा होत नाहीं.

वेळहि साधावी लागते. अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशनें मुंबईस भरतात. हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून सामान्यतः नागपुरास होतें. प्रश्नाची सूचना पुष्कळ दिवस आधीं द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर कागद नेणें व्यर्थ होय. तारांकित प्रश्नास मंत्र्यांनीं सभागृहांत तोंडी उत्तर द्यावयाचें असतें, व त्यावर पुरवणी प्रश्नहि विचारतां येतात. निकडीच्या बाबतींत लक्षवेधी सूचना आहे. खात्याच्या मागणीवर कपात सूचना आहे.

विधानपरिषदेचा मार्गहि पुष्कळ सभासद विसरतात. तिच्या ७८ जागांपैकीं २२ जागा स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांतून भरावयाच्या असतात, आणि तेथें जिल्हा परिषदेचे सभासदहि मतदार असतात. ज्यांस आपण मत दिलें त्यांस आपल्या गांवचा प्रश्न विचारावयास सांगण्यांत संकोच कसला?

उत्तर मिळालें म्हणजे काम झालें असें मात्र समजूं नये. मंत्र्यांनीं दिलेलें आश्वासन तारखेसह लिहून ठेवावें व सभासदांकरवीं पुढील अधिवेशनापूर्वीं त्याची आठवण द्यावी. सभासद व आमदार भिन्न पक्षांचे असले, तरी पाटाखालचें शिवार दोघांचेंहि आहे. वाचकांनीं आपल्या बंधाऱ्याचे कागद आजच काढून पाहावे, आणि सातबारा घेऊन सभासदांपाशीं बसावें.