पट्ट्यांशिवायचा मास्क मिळेल का हो?

घोरणं म्हणजे गाढ झोप, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. घोरणारा पुरुष असेल तर निदान घरात चेष्टा तरी होते. बाई घोरते हे मात्र कुणी बोलत नाही आणि तीही बोलत नाही. त्यामुळे स्लीप अ‍ॅप्निया हा आजार बाईला असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. दिवसभराची मरगळ, सकाळी उठल्यावर जड झालेलं डोकं, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं, चिडचिड, दोन-दोन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, हे सगळं 'आता वय झालं' किंवा 'पाळी जायचे दिवस आहेत' म्हणून सोडून दिलं जातं. मैत्रिणींनो, पाळी थांबल्यानंतर बायकांमध्ये या आजाराचं प्रमाण वाढतं, म्हणजे शंका घ्यायची वेळ नेमकी तीच असते.

माझ्या मोठ्या वन्सं चोपन्न वर्षांच्या, विट्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. भजनात बसल्या की पेंगायच्या, मीटिंगमध्ये पेंगायच्या. लोक हसायचे, त्याही हसायच्या. मग एके दिवशी भाच्याच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या असताना त्यांना डुलकी लागली आणि त्या रस्त्यावर पडल्या. मनगट मोडलं, डोक्याला चार टाके पडले. घरच्यांनी दोष दिला साडीला आणि गतिरोधकाला. हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "बाई, तुम्हाला झोप लागली होती का?" त्या 'हो' म्हणाल्या आणि तिथून आम्ही सांगलीच्या छातीरोगतज्ज्ञांकडे पोचलो.

एक रात्र अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो. मेंदू दचकून जागा होतो, वाट मोकळी होते, पुन्हा झोप, पुन्हा तेच. असं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. पाचच्या आत असेल तर ठीक, पंधराच्या पुढे गेलं तर मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. वन्संचा आकडा आला ३८. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा! ही बाई वर्षानुवर्षं झोपतच नव्हती म्हणा ना.

उपाय सांगितला सीपॅप यंत्राचा. नाव मोठं असलं तरी काम साधं आहे. उशाशी ठेवायचं छोटं यंत्र, त्यातून नळीने मास्कमध्ये हवा येते आणि त्या हवेच्या हलक्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. यंत्र आपल्यासाठी श्वास घेत नाही, श्वास आपणच घ्यायचा. चाळीस हजारांच्या घरात खर्च झाला, भाच्याने हप्त्यांवर घेतलं. आणि आठ दिवसांत ते यंत्र कपाटावर, आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी जाऊन बसलं.

कारण एकच, मास्कचे पट्टे. विक्रेत्याने न बघता, न मोजता 'मीडियम' साइजचा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क कुरिअरने पाठवून दिला होता. डोक्याला चार ठिकाणी आवळणारे पट्टे. वन्संचा अंबाडा मधे यायचा. केसांच्या तेलाने पट्टे ओशट होऊन सैल पडायचे, की त्या आणखी आवळायच्या. सकाळी गालांवर लाल वळ उठलेले असायचे. त्या अंगणवाडीत गेल्या की पोषण आहार घ्यायला आलेल्या बायका दबक्या आवाजात विचारायच्या, "बाई, घरात काही झालं का?" नवऱ्याने मारल्याच्या खुणा झाकणाऱ्या बायका मी माझ्या कामात पुष्कळ बघितल्या आहेत. पण न मारलेल्या माराची सफाई देत बसायची वेळ वन्संवर आली. त्या मला म्हणाल्या, "अगं, पट्ट्यांशिवायचा मास्क मिळतो का बघ. मिळाला तर लावीन, नाहीतर देव ठेवील तशी राहीन."

मग मी शोधाला लागले. असा मास्क आहे, आणि गंमत म्हणजे ही कल्पना मुळात सगळ्यात जुनी आहे. हा उपचार शोधला सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी. त्यांचा लेख १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या सुरुवातीच्या दिवसांत तयार मास्क कुठले मिळायला? रुग्णाच्या नाकाचा साचा काढून मास्क बनवायचे आणि तो रोज रात्री चक्क सिलिकॉनच्या डिंकाने नाकावर चिकटवायचा, सकाळी सोलून काढायचा. पट्टे आणि मऊ गाद्या नंतर आल्या, त्या याच कटकटीतून सुटण्यासाठी. आता चाळीस वर्षांनी लोक पट्ट्यांना कंटाळून पुन्हा चिकटवण्याकडे वळताहेत.

अमेरिकेत ब्लीप नावाच्या कंपनीने असा एक मास्क आणला. दोन्ही नाकपुड्यांशी चिकटणारे छोटे तुकडे आणि त्यांना अडकवायची हलकी नळी, बस्स. डोक्याला काही नाही. तुकडे रोज नवे लावायचे. भाच्याचा एक मित्र तिकडे न्यू जर्सीत तो वापरतो. सुट्टीला येताना त्याने थोडे तुकडे आणले. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "दाब तोच ठेवा, करून बघा."

पहिल्या रात्री वन्सं सहा तास झोपल्या. सकाळी उठून म्हणाल्या, "डोकं हलकं वाटतंय गं." पाच रात्री असं चाललं. सहाव्या दिवशी नाकाची कड लाल झाली, चुरचुरायला लागली. शिवाय मोरणी होतीच. त्या बाजूचा तुकडा नीट चिकटेना, फुस्स करून हवा सुटायची. झोपण्यापूर्वी चेहऱ्याला खोबरेल लावायची सवय, तीही आड आली, कारण तेलकट कातडीवर डिंक धरत नाही. आणि रोज एक जोड संपणार तो आणायचा कुठून? आमच्याकडे दुकानात चौकशी केली तर दुकानदाराने नाकाला लावायची साधी पट्टी काढून दिली! ती नाक चोंदलं तर जरा मोकळं करते, घशातली बंद वाट उघडत नाही.

तरीही माझं मत असं की त्या पाच रात्री वाया गेल्या नाहीत. हवेचा दाब मिळाला की सकाळ कशी उगवते, हे वन्संना कळलं. तोवर त्यांना आजारही लोकांनी सांगितलेला आणि उपचारही लोकांनी सांगितलेला. आता त्यांना स्वतःला यंत्र हवं होतं.

ज्यांची कातडी कोरडी आणि सोशिक आहे, नाकात दागिना नाही, श्वास नाकाने घेतात, डोक्याला काही बांधलं की जीव गुदमरतो आणि रोजचा खर्च झेपतो, त्यांना चिकटवायचा मास्क चांगलाच आहे. बाकीच्यांनी निराश व्हायचं कारण नाही. पण एक सावधगिरी सांगते. मोबाइलवर 'ना पट्टा, ना नळी, ना वीज' म्हणत नाकात बसवायच्या इवल्याशा पंख्यांच्या जाहिराती येतात, काही शे रुपयांत. सीपॅपचा दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात, साधारण चार ते वीस. वन्संना अकरा लागतो. तेवढा दाब तो चिमुकला पंखा देऊ शकत नाही. पैसे जातातच, आणि वर आपण उपचार घेतोय असं वाटत राहतं, ते जास्त वाईट.

शेवटी आम्ही दोघी एसटीने सांगलीला गेलो. तिथे मास्क बसवून देणारी एक मुलगी होती, पंचविशीची असेल, पण कामात पक्की. तिने वन्संना सरळ कॉटवर आडवं केलं, यंत्र त्यांच्या दाबावर चालू केलं आणि मग एकेक मास्क लावला. बसून मास्क बघणं म्हणजे पाय न घालता चप्पल घेणं, असं तिचं म्हणणं. आडवं झालं की गाल सैलावतात, चेहऱ्याचा आकार बदलतो, कुशीवर वळलं की नळी ओढ घेते. हे सगळं दुकानातच बघायचं.

तिने आणखी एक गोष्ट समजावली, ती मला सगळ्यात मोलाची वाटली. मास्कची गादी आवळून बसत नाही, हवेने फुगून बसते. पट्टा जास्त आवळला की गादी चेपते आणि हवा उलट जास्त गळते. मग आपण आणखी आवळतो. पट्ट्याखालून एक-दोन बोटं सहज गेली पाहिजेत. वळ उठत असतील तर मास्कचं माप किंवा प्रकार चुकलाय असं धरायचं. म्हणजे वन्संचं भांडण पट्ट्याशी नव्हतंच, चुकीच्या मास्कशी होतं.

तोंडही झाकणारा मास्क त्यांना लागतच नव्हता. ज्यांचं नाक कायम चोंदलेलं असतं किंवा झोपेत तोंड उघडं राहतं, त्यांना तो लागतो. पण नाकापुरता मास्क चालत असेल तर सुरुवात त्यानेच करावी, असंच डॉक्टर मंडळी सांगतात. पहिला लावून बघितला नाकपुड्यांत टेकणाऱ्या दोन मऊ बोंड्यांचा. सर्वात हलका, एकच बारीक पट्टा, चष्मा लावून टीव्हीसुद्धा बघता येतो. पण मोरणीची आतली फिरकी बोंडीला घासत होती. दुसऱ्याला चुंबकाच्या क्लिप होत्या, लावायला अगदी सोप्या. मुलीने आधीच विचारलं, "घरात कुणाला पेसमेकर आहे का?" वन्संच्या मिस्टरांना आहे. मग तो बाजूला ठेवला. २०२२ आणि २०२३ मध्ये मास्कच्या मोठ्या कंपन्यांनीच इशारा दिला होता की पेसमेकर किंवा शरीरात बसवलेल्या अशा वस्तूंपासून ही चुंबकं निदान सहा इंच लांब हवीत, आणि हे शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे.

तिसरा, नाकावरून बसणारा छोटा त्रिकोणी मास्क. तो मोरणी पोटात घेऊन बसला! पट्टे दोनच, मऊ कापडाचे. वरचा डोक्यावरून, खालचा मानेशी. अंबाड्याऐवजी रात्री सैल वेणी घालायची आणि ती खालच्या पट्ट्यावरून सोडायची, एवढाच बदल. यंत्राच्या पडद्यावर मास्क नीट बसला की हसरा चेहरा येतो. तो आल्यावर वन्संही हसल्या. "काढू का मोरणी?" असं त्यांनी आपणहून विचारलं, पण गरज पडली नाही. पुढे सोनाराकडून फिरकी तेवढी चपटी करून घेतली.

घरी आल्यावरचे उद्योग वेगळेच. मास्कला पुढे बारीक छिद्रं असतात, त्यातून सारखी हवा येते. वन्संच्या सासूबाईंना वाटलं, मास्क फुटका निघाला. त्यांनी प्रेमाने त्यावर चिकटपट्टी लावली. नशीब, लावण्याआधी वन्संनी बघितलं. आपण सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठीच ती छिद्रं असतात, ती कधीही बुजवायची नाहीत. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, विशेषतः मदत करायला उत्साही असणाऱ्यांना.

आणि आपल्याकडची वीज! ती गेली की यंत्र बंद पडतं. नाकाच्या मास्कमध्ये तोंडाने श्वास घेता येतो आणि माणूस जागा होऊन मास्क काढतो. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये यासाठी वेगळी झडप असते, तरी वीज गेली की तो काढून ठेवणंच बरं. घरात इन्व्हर्टर असेल तर हवा ओलसर करणारी पाण्याची तबकडी तापवणं तेवढं बंद करावं, तीच जास्त वीज खाते. तसं केल्याने बॅटरी बराच वेळ पुरते.

गादी रोज सकाळी कोमट पाणी आणि लहान मुलांच्या साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची. डेटॉल नको, ऊन नको. पट्टे आठवड्यातून एकदा. रात्री चेहरा धुऊन मगच मास्क. खोबरेल आता वन्सं सकाळी अंघोळीच्या आधी लावतात.

या गोष्टीला आता सात महिने झाले. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे. मोटारसायकलवर मात्र त्या अजून बसत नाहीत, भाच्याने कितीही सांगितलं तरी. एसटीच बरी म्हणतात. मास्कची गादी आता जरा कडक व्हायला लागली आहे आणि हवा नाकाच्या वरच्या बाजूने डोळ्यात जाते, तेव्हा पुढच्या सोमवारी नवी गादी आणायला आम्ही दोघी पुन्हा सांगलीला निघालो आहोत. आमच्या बचत गटातली एक जण या वेळी बरोबर येणार आहे. तीही दुपारी शिलाई मशीनवर डुलक्या घेते आणि तिचं बीपीही हटत नाही.