विश्लेषण : छोट्या मूर्तीतून महाकाय पुतळा घडतो कसा?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. कला संचालनालयाने मंजुरी दिली होती ती ६ फुटांच्या मातीच्या मॉडेलला. मूर्ती मोठी होताना नेमके काय बदलते? आणि संगणकीय मॉडेल कुठे उपयोगी पडते?

मूर्ती ‘नुसती मोठी’ का करता येत नाही?
भरीव मूर्तीची उंची दहापट केली, तर वजन हजारपट होते. पण ते पेलणाऱ्या घोट्याची जाडी क्षेत्रफळाच्या हिशेबात शंभरपटच वाढते. म्हणून मोठे पुतळे पोकळ ठेवून आत सांगाडा उभारतात. वारा अडवणारे क्षेत्रफळही शंभरपट होते.

संगणकावर काय केले जाते?
गुजरातमधील १८२ मीटर उंच ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’चे उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी आधी लहान मॉडेल्स घडवली. ३० फुटी प्रतिकृतीचे थ्रीडी स्कॅनिंग झाले. स्कॅनर पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची जागा मोजतो. ते बिंदू जोडून संगणकात मूर्तीचे कवच तयार होते. इथे वाढ सुमारे २० पट होती. म्हणजे मॉडेलवरची १ मिलिमीटरची चूक पुतळ्यावर २ सेंटिमीटरची! याच आराखड्यावरून कांस्य पत्रे चीनमध्ये ओतले गेले.

अभियंत्यांना त्याचा फायदा काय?
सरदार पटेलांचे धोतर आणि चपला यांमुळे पुतळा खांद्यांपेक्षा पायाशी अरुंद आहे. रूप न बदलता आत दोन काँक्रीटचे गाभे बसवायचे होते आणि ताशी १८० किलोमीटर वेगाचा वाराही सोसायचा होता. कवच आणि सांगाडा एकाच मॉडेलमध्ये असले, की कोण कुठे अडते हे बांधकामाआधीच दिसते.

मग संगणक पुरेसा आहे का?
नाही. मालवणच्या दुर्घटनेनंतर तांत्रिक समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांवर बोट ठेवले. खारी हवा मॉडेलमध्ये आपोआप येत नाही. ती कुणीतरी गृहीत धरावी लागते. वेल्डिंग तर जागेवरच तपासावे लागते. त्यामुळे पुढच्या पुतळ्याला मंजुरी देताना चेहरा हुबेहूब आहे का, एवढेच विचारून भागणार नाही. पूर्ण उंचीच्या सांगाड्याचे गणित कुणी तपासले, हेही विचारायला हवे.