स्पोक पुन्हा पुन्हा का तुटतो?

अमरावतीहून बडनेऱ्याच्या शाळेत रोज विजेच्या सायकलने जाणाऱ्या एका शिक्षकाची कल्पना करू. मागच्या चाकाचा एक स्पोक तुटतो. दुकानात तो बदलून मिळतो. पण काही दिवसांत शेजारचा तुटतो, मग आणखी एक. कारण विचारले तर बहुधा दोन उत्तरे मिळतात: ‘रस्ता खराब आहे’ किंवा ‘तार बारीक आहे, जाड टाका’. ही दोन्ही उत्तरे आपण तपासून पाहू.

प्रथम चाक वजन कसे पेलते ते पाहिले पाहिजे. बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरे खांबासारखे असतात. कापसाचे ओझे तुंब्यावर येते आणि त्याखालचा आरा ते दाबाने पेलतो. सायकलचा स्पोक म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीची तार. ती दाबाखाली लगेच वाकेल. म्हणून चाक बांधतानाच निपल आवळून सर्व स्पोक ताणून ठेवतात. ताणलेल्या तारांच्या चाकाची ही कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली. आपण सायकलवर बसलो की हबच्या खाली असलेल्या थोड्या स्पोकांमधील ताण कमी होतो. इतरांचा फारसा बदलत नाही. म्हणजेच चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो.

आता थोडा हिशेब करू. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर असतो. एका किलोमीटरला सुमारे ४८३ फेरे होतात. अमरावती-बडनेरा जाऊन-येऊन २० किलोमीटर धरले तर रोज सुमारे ९,६६० फेरे आणि शाळेच्या २०० दिवसांत १९ लाखांहून अधिक! कागदाची टाचणी पुन्हा पुन्हा वाकवली की अखेर तुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. एका वेळच्या जोराने न तुटणारा धातू असंख्य वेळा ताण बदलल्याने तुटतो. याला धातूचा शिणवटा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट वोलर यांनी आगगाडीच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

यावरून पहिल्या उत्तराची मर्यादा कळते. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून जागतिक विक्रम नोंदवला गेला. अशा गुळगुळीत रस्त्यावरही स्पोकाचे फेरे चुकत नाहीत. खड्ड्यांनी हानी वाढते हे खरे. पण मूळ दुखणे बहुधा ढिलेपणात असते. ढिल्या स्पोकाचा ताण खाली येताच संपूर्ण नाहीसा होतो, वाकवलेले टोक हबच्या भोकात हलू लागते आणि तेथेच चीर पडते. त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. म्हणून एकच स्पोक बदलून दुखणे थांबत नाही.

चाकात मोटार असलेल्या सायकलची अडचण आणखी वेगळी आहे. मोटारीमुळे हब जड आणि मोठे होते, त्यामुळे स्पोक आखूड होतात आणि रिममध्ये तिरके शिरतात. निपलपाशी तार वाकते. स्पोक हबपाशी तुटला असेल तर ढिलेपणाचा संशय घ्यावा. निपलपाशी तुटला असेल तर तिरकेपणाचा. तिरकेपणावर उपाय म्हणजे स्पोकांची एकमेकांवरून जाणारी गुंफण कमी करून चाक नव्याने बांधणे.

आता दुसरे उत्तर. जाड तार बळकट असते, परंतु तेवढ्याच ताणात ती कमी लांबते. त्यामुळे रिम किंचित दबली तरी ती चटकन ढिली पडते. तिला पुरेसे ताणायचे तर रिमही तितकी मजबूत हवी. तेव्हा ‘जाड म्हणजे टिकाऊ’ हे नेहमीच खरे नाही.

स्पोक वाटेत तुटला तर तुटका तुकडा शेजारच्या स्पोकाला बांधावा, चाक ब्रेकला घासत नाही ना ते पाहावे आणि सावकाश दुकान गाठावे. चाक काढण्यापूर्वी बॅटरी बंद करून मोटारीच्या तारेची जोडणी सोडवावी आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवावेत. नवा स्पोक जुन्याच्याच लांबीचा हवा. तो बसवल्यावर नुसती आउट काढून न थांबता सर्व स्पोकांचा ताण सारखा करून घ्यावा.

हा ताण ओळखायला कान पुरतो. वर्गात एक सायकल उलटी उभी करा आणि विद्यार्थ्यांना एकेक स्पोक नखाने छेडायला सांगा. लांबी आणि जाडी सारखी असेल तर ताण चौपट झाल्यावर कंपनसंख्या दुप्पट होते. मात्र एका बाजूचे स्पोक त्याच बाजूच्या स्पोकांशीच ताडून पाहावेत, कारण मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचा ताण मुळातच अधिक असतो. ज्याचा आवाज इतरांपेक्षा खाली उतरलेला आहे, तो ढिला. तो तुटण्यापूर्वीच सापडला, तर तंबोऱ्याच्या तारेचा धडा आणि सायकलची दुरुस्ती अशी दोन कामे एकाच तासात होतील.