पिसांचे पायमोजे

कोंबडी विकत घेताना आपल्याकडे आधी तुरा बघतात, मग छातीचं हाड चाचपतात. पायांवर पिसं असलेली कोंबडी घ्यायची असेल तर मात्र खालून सुरुवात करा. पक्षी काखेत धरा, पाय मोकळे सोडा आणि नडगीपासून बोटांच्या टोकापर्यंत नीट बघा. जात कोणती, भेसळ किती, आधीच्या मालकानं कसं ठेवलं, हे सगळं तिथं दिसतं.

भोरजवळच्या आमच्या घरामागे अशा सात कोंबड्या आहेत. चार ब्रह्मा, एक कोचीन, दोन सिल्की. येणाराजाणारा थांबून बघतो आणि पहिला प्रश्न हमखास विचारतो, “ब्रह्मा म्हणजे आपलीच जात ना?” नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं हे खरं, पण पक्षी ब्रह्मपुत्रेकाठचा नव्हे. पहिल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या नानकिंगच्या तहानं चीनमधलं शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. शांघायहून जहाजांनी ज्या थोराड, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत नेल्या, त्यांच्यातून आजची कोचीन आणि ब्रह्मा घडली. ब्रह्मात चितगावच्या कोंबड्यांचंही रक्त मिसळलं असं मानतात. त्या पक्ष्यांनी तिकडे अक्षरशः वेड लावलं. १८४९ च्या नोव्हेंबरात बॉस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा हजारो लोक लोटले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्यानं १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाला नऊ पक्षी भेट पाठवले, आणि १८५५ मध्ये या सगळ्या वेडावर ‘द हिस्टरी ऑफ द हेन फीव्हर’ हे पुस्तकही त्यानंच लिहिलं. पुढे कित्येक दशकं अमेरिकेत मांसासाठी ब्रह्मा पाळली जाई. शोभेची कोंबडी ही तिची ओळख बरीच नंतरची.

मुळात कोंबडीच्या पायावर खवले असतात, तिथं पिसं का यावीत? याचं उत्तर मला फार विलक्षण वाटतं. डार्विननं १८६८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय की अशा कबुतरांच्या आणि कोंबड्यांच्या पायांवरची पिसं पंखांच्या पिसांसारखी असतात. एका बँटम, म्हणजे बुटक्या जातीच्या, कोंबडीच्या पायावरचं पीस साडेनऊ इंच, म्हणजे सुमारे २४ सेंटीमीटर भरलं होतं. पाय जणू थोडासा पंख झाला आहे, हे त्यानं नुसत्या निरीक्षणातून ओळखलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानं त्याला पुष्टी दिली. गर्भात पायाला ‘तू पाय हो’ असं सांगणारं एक जनुक असतं, पिटएक्स१. पंखाला ‘तू पंख हो’ सांगणारं दुसरं, टीबीएक्स५. पिसाळ पायांच्या कोंबड्यांमध्ये या दोन जनुकांच्या शेजारच्या, त्यांना चालू-बंद करणाऱ्या भागांत बदल झालेले आढळले. पहिल्याचा जोर कमी पडतो, आणि दुसरं, जे पायात गप्प असायला हवं, ते तिथं जागं होतं. म्हणूनच पिसं पायभर सारखी न येता बाहेरच्या बाजूनं, ओळीनं येतात.

आता ओळख. मोठ्या जातींत ब्रह्मा आणि कोचीन यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते, आणि विकणारेही ती करतात. तुरा बघा. कोचीनचा तुरा एकेरी, उभा, करवतीच्या दात्यांचा. ब्रह्माचा बुटका, तीन धारांचा, मटाराच्या शेंगेसारखा. ब्रह्माच्या भुवया पुढे आलेल्या असतात, त्यामुळे चेहरा करारी दिसतो, आणि उभं राहणं ताठ. कोचीन म्हणजे मऊ पिसांची गोल उशी, तिचे पाय पिसांत बुडालेले. दोघींची कातडी पिवळी, बोटं चार. ब्रह्मा कोंबडा साडेपाच किलोपर्यंत भरतो, कोंबडी सव्वाचार किलोच्या आसपास. काळी, हिरव्या झळाळीची, उंच पायांची आणि एकेरी तुऱ्याची कोंबडी दिसली, नडगी पाटीच्या दगडासारखी करडी असली, तर ती लँगशान. पाच बोटं मोजलीत तर यादी एकदम छोटी होते. दाढी, गालांवर पिसांचे झुपके आणि एकेरी तुरा असेल तर फ्रान्समधली फावरोल. केसासारखी पिसं, काळीनिळी कातडी आणि डोक्यावर झुपका असेल तर सिल्की. सिल्कीची पिसं केसाळ दिसतात कारण पिसाचे धागे एकमेकांत अडकवणारे बारीक आकडे तिच्यात नसतात. याच कारणानं तिच्या अंगावरून पाणी ओघळत नाही, थेट कातडीपर्यंत मुरतं. तिचा काळेपणा आणि आपल्या ओळखीच्या कडकनाथचा काळेपणा एकाच जनुकीय बदलातून आलेला आहे, पण कडकनाथच्या नडगीवर पिसं नसतात. भारतातच बघायचं तर कुमाऊँच्या डोंगरांतली ‘उत्तरा’ ही नोंदणी झालेली देशी जात आहे. तिच्या पायांवर पिसं असतात.

भेसळ ओळखायला पुन्हा पायच. पिसाळ पायांचा पक्षी आणि साध्या पायांचा पक्षी यांची पिल्लं सहसा मधल्यामध्ये अडकतात. नडगीवर चार-दोन तुरळक पिसं, बोटं उघडी. चांगल्या ब्रह्माच्या बाहेरच्या बोटावर आणि मधल्या बोटावरही पिसं हवीत. पिल्लू अंड्यातून निघतं त्या दिवशीच त्याच्या नडगीवर आणि बाहेरच्या बोटावर लव दिसते. लव नसलेलं एक दिवसाचं पिल्लू कुणी ब्रह्मा म्हणून विकत असेल तर घेऊ नका. उलट बाजूचा दोषही असतो. नडगीच्या वरच्या सांध्यापासून मागे, खाली ताठ पिसं निघतात, गिधाडासारखी. हौशी मंडळी याला ‘व्हल्चर हॉक’ म्हणतात. बेल्जियमच्या दाढीवाल्या बँटममध्ये आणि तुर्कस्तानातल्या सुलतानमध्ये ती हवीच असतात, ब्रह्मा-कोचीनमध्ये नकोत. दाट पायांचे पक्षी एकमेकांना लावत गेलं की ही पिसं वाढतात. म्हणून जोडी लावताना एकाचे पाय भरगच्च आणि दुसऱ्याचे मध्यम असावेत. पिसांपेक्षा सरळ बोटं आणि मजबूत चाल यांना मी जास्त मान देतो.

पैदाशीत दोन गोष्टी लोक विसरतात. कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. त्यामुळे कळपात दुसरा कोंबडा असेल तर तो काढल्यावर तीन आठवडे थांबा, त्यानंतरची अंडीच उबवायला घ्या. दुसरी गोष्ट, या जातींच्या पार्श्वभागाची पिसं इतकी दाट असतात की जोडा नीट जुळत नाही आणि अंडी वांझ जातात. हंगामापूर्वी नर-मादी दोघांचीही तिथली पिसं कात्रीनं हलकेच कमी करा. एवढ्या जड कोंबड्याला सहा-आठ माद्या पुरेत. अंडी निमुळतं टोक खाली करून थंड जागी ठेवायची, आठवड्याच्या आत रवणीला घालायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. कोचीन आणि सिल्की दोघीही खुडूक व्हायला तयारच असतात. मात्र कोचीनच्या वजनाखाली अंडी फुटतात, म्हणून आमच्याकडे ब्रह्माची अंडीही सिल्कीच बसून उबवते, एका वेळी चार-पाच. ब्रह्माची तलंग सहा-सात महिन्यांआधी अंड्यावर येत नाही. धीर धरा. कोंबडा की कोंबडी हेही बुटक्या तुऱ्यामुळे उशिरा कळतं.

निगा म्हणजे मुख्यतः जमीन. हे मी एका तलंगेला दुखवून शिकलो. पहिल्या वर्षी जुलैत तिच्या बोटांना चिखलाचे गोळे बसले आणि वाळून दगड झाले. मी ते बोटांनी ओढले. चिखलाबरोबर नखाचं टरफल निघून आलं, रक्त थांबता थांबेना, आणि रक्त दिसताच बाकीच्या कोंबड्या तिच्यावर चोच टाकायला धावल्या. ती महिनाभर लंगडत होती. गोळे कधीही ओढू नका. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, चिखल आपोआप सुटतो, मग पाय पूर्ण कोरडे करा. उगवत्या पिसाच्या दांडीत रक्त असतं. ती मोडली तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, हळद भरा आणि पक्षी वेगळा ठेवा. पावसाळ्याआधी बोटांवरची लांब, पूर्ण वाढलेली पिसं कातरली तरी चालतात, पुढच्या पीसझडीनंतर ती परत येतात.

खुराड्यात भाताच्या तुसाची तीन-चार इंचांची गादी करा, रोज उलथा, ओली झालेली लगेच काढा. ओल्या गादीत रक्ती हगवण फैलावते आणि अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. बसायची दांडी रुंद आणि चपटी घ्या, जमिनीपासून फूट-दीड फुटापेक्षा उंच नको. चार किलोचा पक्षी उंचावरून उडी मारतो तेव्हा तळव्याला जखम होते, जंतू शिरतात आणि गळू धरतं. नडगीवरची खरूज साध्या पायावर पटकन दिसते, खवले उचकटलेले दिसतात. इथं ती पिसांखाली लपते, म्हणून महिन्यातून एकदा पिसं बाजूला सारून बघायलाच हवं. सुरुवात असेल तर पाय धुऊन व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे लावत राहा, वाढली असेल तर पशुवैद्याकडे जा. रॉकेल लावण्याची जुनी रीत सोडून द्या, पिसाळ पायाची कातडी त्यानं भाजते.

उन्हाचंही सांगायला हवं. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकून, तुऱ्यातून आणि उघड्या नडगीतून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. ब्रह्माचा तुरा बुटका, नडगी झाकलेली. थंडीत जे तिला वाचवतं तेच एप्रिल-मेमध्ये अंगाशी येतं. दाट सावली, दिवसातून दोनदा बदललेलं गार पाणी आणि वारा खेळेल अशी जाळीची भिंत, यात कसूर नको. लसीकरण इतर कोंबड्यांसारखंच, आठवड्याच्या पिल्लाला मानमोडीची लासोटा लस डोळ्यातून. नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता.

हे पक्षी फार शांत असतात. लहान मुलांच्या मांडीवर बसतात, कुंपणावरून उडून जात नाहीत. पण कोरडी, छप्पर असलेली, पावसाचं पाणी न शिरणारी जागा तुमच्याकडे तयार नसेल, तर जूनमध्ये ते आणू नका. आधी जागा बांधा, आणि पक्षी दिवाळीनंतर आणा.