‘ढ’ कोण ठरवतो?

मराठी शाळेत ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला ‘ढ’ म्हणण्याची चाल जुनी आहे. ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरे रूप पालटत गेली, ‘ढ’ तेवढा जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून काही केल्या पुढे न सरकणाऱ्या मुलाला हे नाव पडले, अशी उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती खरी असो वा नसो, अक्षर न ओळखणाऱ्या मुलाला अक्षराचेच नाव देण्यातील क्रूर विनोद मात्र फारसा कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतील कोणत्याही खेड्यातल्या चौथीच्या वर्गात डोकावावे. असा एखादा विद्यार्थी शेवटच्या ओळीत बहुधा आढळेल. तो तोंडी हिशेब चुकत नाही, आठवडी बाजारात आईच्या आधी सुटे पैसे मोजून मोकळा होतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. परंतु फळ्यावरची ओळ वाचायला उभे केले की घशाला कोरड पडते. शिक्षक म्हणतात, ‘लक्ष नाही.’ बाप म्हणतो, ‘डोस्क्यातच नाही.’ दोघांचे एकमत झाले की प्रश्न मिटतो.

वस्तुतः तो मिटलेला नाही हे सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसून आले होते. ७ नोव्हेंबर १८९६ रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात उत्तम. सात वर्षे शिकूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे ‘पर्सी’ हे नावदेखील तो अक्षरांची अदलाबदल करून लिहीत असे. त्याच्या शिक्षकांचे म्हणणे असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. डोळे निर्दोष, बुद्धी शाबूत आणि तरीही वाचन नाही. या अवस्थेला तेव्हा ‘शब्दांधत्व’ म्हणत. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८०च्या दशकात प्रचारात आणला होताच. पुढे तोच रूढ झाला.

शब्दांधत्व या नावाने एक गैरसमज मात्र दीर्घकाळ पोसला. दोष डोळ्यांचा आहे, मुलाला अक्षरे उलटी दिसतात, ही समजूत आजही सुशिक्षितांत प्रचलित आहे आणि २००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटातील नाचणाऱ्या अक्षरांनी ती अधिकच पक्की केली. त्या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. डिस्लेक्सिया हा शब्द त्याने घरोघरी नेला. तथापि संशोधनाचा कौल निराळा आहे. गेल्या अर्धशतकातील अभ्यासांनी दाखवून दिले की, बहुतेक मुलांची अडचण डोळ्यांत नसून ध्वनींच्या हाताळणीत असते. बोललेला शब्द सुट्या ध्वनींनी बनलेला आहे, ते ध्वनी वेगळे काढता येतात, त्यांची जागा बदलता येते, ही जाण या मुलांत क्षीण असते. लिपी म्हणजे त्या ध्वनींचीच खूण असल्यामुळे ज्याला ध्वनी सुटा करता येत नाही त्याला खूण कशाची हेच उमगत नाही.

हे समजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. वऱ्हाडातल्या ओसरीवर मुले ‘च’ची भाषा बोलतात. ‘मला पाणी’चे ‘चलाम चणीपा’ करणारी पोर शब्दाचा पहिला तुकडा तोडते, शेवटी नेऊन जोडते आणि पुढे ‘च’ लावते. भाषाशास्त्रज्ञाला ज्याची परीक्षा घ्यायची असते तेच ती खेळता खेळता करते. भेंड्यांमध्ये शेवटचे अक्षर पकडून नवे गाणे सुरू करणे हाही त्याच जातीचा व्यायाम. या खेळात जे मूल सदोदित अडखळते आणि पुढेपुढे खेळायलाच येत नाही, त्याच्याकडे अंगणवाडीतच कोणी लक्ष दिले तर पुढची चार वर्षे वाचतील. ब्रॅडली आणि ब्रायंट या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच मुद्द्याचा आहे. वाचायला अजून न लागलेल्या सुमारे चारशे मुलांची त्यांनी ध्वनी ओळखण्याची परीक्षा घेतली आणि तीत मागे पडलेल्या ६५ मुलांना गटागटांत विभागून दोन वर्षे निरनिराळे शिक्षण दिले. ज्या गटाला ध्वनींचे खेळ आणि त्याबरोबरच हाताळता येतील अशी अक्षरे दिली, तो वाचनात सर्वांच्या पुढे गेला. या उपायाला यंत्रसामग्री लागली नव्हती.

देवनागरीतील वेगळी अडचण

आपली लिपी उच्चारानुसारी आहे, इंग्रजीसारखी लहरी नाही, तेव्हा मराठी मुलांना डिस्लेक्सिया होण्याचे कारणच काय, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. त्यात अर्धे तथ्य आहे. इंग्रजी मुलाची चूक कानाला चटकन कळते; तो शब्दच भलता वाचतो. उच्चारानुसारी लिपीत मूल अक्षराला अक्षर जोडत अखेर बरोबर वाचते, पण इतक्या संथपणे की ओळीच्या शेवटी येईतो आरंभ विसरलेला असतो. पाउलेसू व सहकाऱ्यांनी २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज प्रौढांची तुलना केली, तेव्हा डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक इतर दोघांपेक्षा बरेच अचूक वाचत होते. मेंदूच्या डाव्या बाजूच्या वाचनक्षेत्रातील मंद हालचाल मात्र तिघांत सारखीच होती. लिपी सोपी असली की दोष नाहीसा होत नाही, तो झाकला जातो. मराठी शाळेत तो ‘हळू आहे’ या शेऱ्याखाली झाकला जातो.

शिवाय देवनागरी तितकी सरळही नाही. ‘कि’मधील वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. ‘सूर्य’ या शब्दातला र य-च्या आधी ऐकू येतो आणि य-च्या डोक्यावर बसतो. हाच र ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘तऱ्हा’ यांत तीन निराळी रूपे घेतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत एका वळणाचे अंतर. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च वेगळे, खूण एकच. इंग्रजीची सव्वीस अक्षरे पाठ झाली की संपली. येथे स्वर, व्यंजने, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात आणि हे काम पहिलीत संपत नाही, चौथी-पाचवीपर्यंत चालते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांविषयी केलेल्या अभ्यासातही अक्षरज्ञानाची ही लांबलेली वाट स्पष्ट दिसते. आपली पाठ्यपुस्तके मात्र दुसरीच्या मध्यावर मुलाला सारे येते असे गृहीत धरून गोष्टी सांगू लागतात.

‘डोया’ लिहिणारे मूल

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तोच सर्वांत कमी चर्चिला जातो. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘शाळा’ची ‘शाया’. ‘पाणी’ हे ‘पानी’ असते, ‘विहीर’ ही ‘इहीर’. जे मूल वहीत ‘डोया’ लिहिते त्याने काय केले? स्वतःचा उच्चार अचूक ऐकला, त्याचे ध्वनी सुटे केले आणि प्रत्येकाला योग्य अक्षर दिले. म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला जे जमत नाही नेमके तेच केले. बक्षीस म्हणून त्याला लाल शाईची फुली मिळते. उलट जे मूल ‘डोळा’चा ‘ळोडा’ किंवा नुसता ‘डा’ करते, त्याची चूक सर्वस्वी निराळ्या जातीची आहे. दोन्ही वह्यांवर शेरा मात्र एकच पडतो : ‘शुद्धलेखन सुधारा.’ या दोन चुकांतील फरक ओळखता येणे, शिक्षकाच्या प्रशिक्षणात याहून मोलाची गोष्ट क्वचितच असेल.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात, तर कोरकू आणि निहाली बोलणारी मुले आहेत. निहाली ही जगातील कोणत्याही भाषाकुळात निश्चितपणे न बसणारी भाषा. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने २०१४ मध्ये नागराज यांचे प्रसिद्ध केले. पंडितांच्या दृष्टीने जे रत्न, ते पहिलीच्या वर्गात ओझे होते. त्या मुलापुढे ‘ग म भ न’ ठेवले जाते तेव्हा त्याला खूणही परकी आणि खुणेमागचा शब्दही परका. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र येथे फार उपयोगी पडते : वाचन म्हणजे अक्षर उलगडणे गुणिले भाषा समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असले की उत्तर शून्य. डिस्लेक्सियाच्या मुलाचा पहिला अवयव दुबळा असतो, निहाली मुलाचा दुसरा, आणि हंगामी कामासाठी आईबापांबरोबर परमुलखात जाऊन चार महिन्यांनी परतणाऱ्या मुलाला दोन्ही मिळवायला सवडच मिळालेली नसते. तिघांचा आजार एक नाही; औषध एक असणार नाही. वाडा तालुक्यातील मराठी शाळा आणि कर्नाटकातील यादगीरच्या कन्नड शाळा यांतील मुलांच्या वाचनाचा काही वर्षे मागोवा घेणारा ‘लिरिल’ हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरची भाषा वर्गाबाहेर ठेवण्याची आणि अर्थाविना अक्षरे घोटण्याची किंमत मुले कशी मोजतात, हे त्यात सविस्तर आले आहे.

प्रमाणपत्राची वाट

कायद्याच्या बाजूने पाहिले तर निराशेचे कारण नाही. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष इत्यादी. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली. परंतु सवलत प्रमाणपत्रावर, प्रमाणपत्र तपासणीवर आणि तपासणी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक एकत्र असण्यावर अवलंबून. आरंभीच्या काळात ही सोय मुंबईतील मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांत होती. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत अग्रणी. लोणार किंवा संग्रामपूरच्या शेतमजुराला मुलाची तपासणी कागदोपत्री फुकट असते. प्रत्यक्षात एस.टी.चे भाडे, दोन-तीन खेपा आणि प्रत्येक खेपेला बुडालेली मजुरी, ही तिची किंमत. ज्या सेवेची फी शून्य आणि पोहोचण्याचा खर्च आठवड्याची कमाई, ती सेवा गरिबाच्या नावाने निघून सुखवस्तूच्या घरी पोहोचते. यात कोणाची लबाडी असावी लागत नाही.

दुसरे असे की, दहावीला मिळणारी जादा वेळेची सवलत ज्याने दहावी गाठली त्याच्यासाठी आहे. वाचता न येणारे मूल तेथवर पोहोचण्याआधीच गळते. मुलींच्या बाबतीत तर ते गळलेलेही कळत नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९९० मध्ये शेविट्झ यांनी दाखवले की, शाळांनी निवडलेल्या ‘वाचनदोषी’ मुलांत मुलगेच फार असतात; सर्वांची सरसकट परीक्षा घेतली की मुली जवळजवळ तितक्याच निघतात. दंगा करणारा मुलगा शिक्षकांच्या डोळ्यांत येतो, मान खाली घालून बसलेली मुलगी ‘शांत’ म्हणून प्रशंसा मिळवते आणि तिचे शिक्षण थांबते तेव्हा वाचनाचा विषयच निघत नाही.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ४८.८ टक्के होती. जेथे निम्म्याहून अधिक वर्गाला वाचता येत नाही, तेथे शेकडा पाच-दहांच्या डिस्लेक्सियाची चिंता ही चैन नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. ज्या वर्गात चाळीसपैकी पंचवीस मुले अडखळतात तेथे खरोखरीची अक्षमता असलेली तीन मुले ओळखण्याचा मार्गच उरत नाही. ती गर्दीत बुडतात. प्रथम साऱ्या वर्गाला ध्वनी, अक्षर आणि अर्थ यांची सांगड घालून नीट शिकवावे लागते. सहा महिन्यांनी बावीस मुले बाहेर पडतात आणि जी तीन उरतात ती कोण हे शिक्षकाला कोणत्याही डॉक्टराविना कळते. तज्ज्ञ हवा तो त्या तिघांसाठी. चाळीस मुलांना तालुक्याबाहेर पाठवण्याची गरज नसते.

अधिनियमाच्या १६ व्या कलमाने शिक्षणसंस्थांवर जबाबदारी टाकली आहे ती हीच : अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि तिच्यावर मात करण्यासाठी शिकवण्याचे योग्य उपाय योजावेत. त्यात प्रमाणपत्राची अट घातलेली नाही. साधनेही अगदीच नाहीत असे नव्हे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही तपासणी-मालिका हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही आणली. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन टप्प्यांसाठी शिक्षकांनी स्वतः भरायच्या प्रश्नावल्या तीत आहेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था बुलढाण्यात आहे. शिक्षकांची प्रशिक्षणे होतच असतात. त्यांतील दोन दिवस या प्रश्नावल्यांना आणि ‘डोया’ व ‘ळोडा’ यांतील फरकाला दिले, तर नव्या पदाची, नव्या इमारतीची किंवा नव्या अर्थसंकल्पी शीर्षाची गरज पडू नये.

खर्च पडेल तो शिक्षकाच्या वेळेचा आणि तो स्वस्त नाही. पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि दर आठवड्याला मागितली जाणारी माहिती यांतून पहिली-दुसरीच्या शिक्षकाला दररोज तास-दीड तास केवळ वाचनासाठी मोकळा करून देणे, हा निर्णय शिक्षकाच्या हातात नाही. द्विशिक्षकी शाळेत तर एकजण चार वर्ग सांभाळत असतो. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची यादी तयार होते, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, बँक खाते यांसह. घरी कोणती भाषा बोलतात, हा रकाना तीत आजही ठळकपणे कोणी विचारत नाही.